आज कावळे चौदा

आमच्या दुकानात गिऱ्हाइकाला 'या' म्हणायचं नाही, असा नियम आहे. गिऱ्हाईक येतं, काय लागतं ते सांगतं, आम्ही बांधून देतो. जाताना ते 'येतो' म्हणत नाही आणि आम्ही 'पुन्हा या' म्हणत नाही. ते पायरी उतरेपर्यंत मी खाली बघते. चाळीस वर्षांत मी लोकांच्या तोंडापेक्षा चपलाच जास्त बघितल्या आहेत.

दुकान पुणतांब्यात आहे, गोदावरीच्या घाटाकडे उतरणाऱ्या वाटेवर. माणूस गेल्यावर दहाव्या दिवशी घाटावर जे लागतं ते सगळं आमच्याकडे मिळतं. मडकी, दर्भ, काळे तीळ, जवाचं पीठ, पत्रावळी, पांढरं कापड. तेराव्याला दान द्यायच्या छत्र्या आणि चपलाही असतात. माझे मालक रामहरी यांनी शेती सांभाळून हे सुरू केलं. ते गेले तेव्हा त्यांचं सामान आमच्याच दुकानातून गेलं. मीच बांधलं. एक द्रोण जास्त टाकला.

मला अक्षर उशिरा आलं. पंचावन्न वर्षांची असताना शाळेतल्या बाईंनी आम्हा बायकांचा वर्ग घेतला. घाटावरच्या गुरुजींना गेलेल्या माणसाचं नाव चिठ्ठीवर लिहून लागायचं, म्हणून मी शिकले. वर्गात बाकीच्या बायका 'कमळ' गिरवत होत्या, मला 'कै.' आधी आलं. पुढे सवयीने मी एका अर्जावर स्वतःच्या नावामागेही 'कै.' लिहिलं. तलाठ्याने ते खोडून दिलं आणि सही घेतली.

दोन वर्षांपूर्वी स्टेशनाकडे एकाने नवं दुकान काढलं. तो सगळं सामान एका खोक्यात घालून देतो. वर नदीचं चित्र, आत छापील यादी. लोक गाडीतून उतरतात, खोकं उचलतात आणि घाटावर येतात. आमच्या दारावरून जाताना त्यांच्या काखेत खोकं असतं. आम्ही खाली बघतो.

माझा मुलगा भिमाजी यंदा पेरणी झाल्यावर म्हणाला, "आई, सर्वपित्री अमावस्येपतोर बगू. न्हाई चाललं तर गाळा भाड्यानं देऊ. मोबाईलची कव्हरं इकनारा एक जन इचारतोय."

त्यावर बोलली ती मोनिका, माझी नातसून. ती बी.कॉम. झालेली आहे. तिचा नवरा रविराज चाकणला कंपनीत आहे आणि शनिवारी येतो. दुकान बंद झालं तर तिने चाकणला जायचं, असं ठरलेलं होतं. ती एकदा तिथली खोली बघून आली होती. दहा बाय दहाची. "तिथं मी दिवसभर काय करू आजी, भिंतीसंगं बोलू?" असं ती मला म्हणाली होती. दुकानात ती सकाळी आठला बसायची ते स्वतःच्या मनाची मालकीण म्हणून बसायची. माझं पुढे काय, ते कोणी ठरवलं नव्हतं. घरापुढे ओटा आहे. त्यावर बसलेल्या म्हाताऱ्या मी बघितल्या आहेत.

"मामा," मोनिका सासऱ्याला म्हणाली, "हल्ली मानूस घरातनं निघायच्या आधी मोबाईलवर बघतो. आपन मोबाईलवर पाह्यजे."

"मंग जा मोबाईलवर," भिमाजी म्हणाला. "सर्वपित्रीपतोर."

तिने इन्स्टाग्रामवर दुकानाचं पान काढलं. 'रामहरी दशक्रिया साहित्य, पुणतांबा.' मी विचारलं, यात लोक काय करतात. ती म्हणाली, फॉलो करतात.

"फॉलो म्हंजे?"

"आपन जे टाकू ते त्यांना रोज दिसतं."

"रोज?"

"व्हय."

"आपल्या दुकानाचं?"

ती मडक्यांचा फोटो काढत होती.

पहिल्या आठवड्यात अठरा लोक आले. सगळे आमचेच पाहुणे. दुसऱ्या आठवड्यात कोल्हारहून माझी नणंद गोजरबाई हिचा फोन आला. "वहिनी, ते फॉलो का काय ते मी काडून टाकलं. राग मानू नको. सून म्हनली, शेजारची इचारत हुती, तुमच्यात कोन आजारी हाय का म्हनून."

तिच्यामागे आणखी आठ गेले. राहिलेल्या नवांत एक मोनिकाचा स्वतःचा नंबर होता आणि एक रविराजचा.

रविराजला वाईट वाटलं. कंपनीतल्या त्याच्या मित्राच्या मेहुणीचं साड्यांचं पान होतं. तिने एक युक्ती केली आणि महिन्यात हजार लोक वाढले. मोनिका पंचमीला माहेरी गेली होती, तेव्हा रविराजने चाकणहून तीच युक्ती आमच्या पानावर केली. त्याने लिहिलं: 'पेज फॉलो करा. तुमच्या जवळच्या तीन माणसांना टॅग करा. एका भाग्यवान विजेत्याला दशक्रियेचा संपूर्ण संच मोफत.' खाली फुगे काढले होते.

त्यात एकाच माणसाने भाग घेतला. त्याने आपल्या तीन चुलत भावांची नावं टाकली. त्यांचा बांधावरून बारा वर्षं वाद चालू आहे. ते तिघे एका मोटरसायकलवर बसून दुकानात आले.

"आमची नावं तुमाला कोनी दिली?" थोरला म्हणाला.

"तुमच्या भावकीनं," मी म्हणाले.

"आमाला काय झालंय का?"

"न्हाई. चांगले दिसताय."

मधला मोबाईल बघत होता. तो म्हणाला, "मंग ह्ये बक्षीस लागनार कुनाला?"

"अजून सोडत झाली न्हाई."

थोरल्याने मधल्याकडे बघितलं. ते गेले. जाताना धाकटा सवयीने 'येतो' म्हणणार होता, त्याला थोरल्याने कोपर मारलं. मोनिका माहेराहून आल्या आल्या तिने ते सगळं काढून टाकलं आणि रविराजशी चार दिवस बोलली नाही. बांधाच्या दाव्यात आमच्या पानाची प्रत वकिलाकडे दिली आहे, असं मागाहून कळलं.

श्रावण अर्धा सरला तेव्हा एका सकाळी दुकानाचा फोन वाजला. मी मागच्या बाजूला होते. दुकानामागे दगडी भिंत आहे. तिच्यावर मी रोज बाजरीच्या भाकरीचा चुरा ठेवते, घाटावरचे कावळे येतात. मालक असल्यापासूनची रीत आहे. मी तिथेच फोन घेतला. पलीकडे पुण्याचं माणूस होतं.

"मावशी, तुमच्याकडे घाटावर कावळे येतात का हो? मागच्या वेळी आम्ही दुसरीकडे गेलो होतो, साडेचार तास बसलो. पिंडाला कावळा शिवेना. शेवटी माझ्या भावाने दारू सोडतो म्हणून सांगितलं, तरी आला नाही."

"थांबा," मी म्हणाले, आणि भिंतीकडे बघून मोजले. "आज चौदा हायेत. एक लंगडा हाय. काल नऊच हुते, वरच्या आळीला वास्तुशांत हुती, तिकडं जेवाय गेल्ते."

पलीकडचा माणूस म्हणाला, "तुम्ही रोज मोजता?"

"समोरच असत्यात."

मोनिका दारात उभी राहून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी साडेसहाला तिने मोबाईल भिंतीकडे धरला आणि म्हणाली, "आजी, काल फोनवर बोललात तसंच बोला."

मी म्हणाले, "आज कावळे अकरा. लंगडा आलाय. पानी गढूळ हाय." तिने तेवढंच टाकलं.

"ह्ये कोन बगंल?" मी विचारलं.

"दुकानाला फॉलो केलं तर लोक विचारत्यात, घरात कोन आजारी हाय. कावळ्याला केलं तर कोन काय विचारनार?"

मी एकच अट घातली. पानावर कुठेही 'या' म्हणायचं नाही. फॉलो करा, पुढे पाठवा, हेही नाही. मोजायचं आणि गप्प बसायचं. ती म्हणाली, असं कोणी करत नाही. मी म्हणाले, मग आपल्यासारखं दुसरं कोणी नसेलच.

आठ दिवसांत चाळीस लोक झाले. पोळ्यापर्यंत साडेतीनशे. गणपतीत आकडा दोन हजारांवर गेला आणि मग मी विचारायचं सोडलं. लोक खाली लिहायचे, मी बोट ठेवून वाचायची. 'लंगडा आज का नाही?' 'आजी, आज दहा मिनिटं उशीर.' 'आमच्या सोसायटीत एकच कावळा आहे, तो फक्त ब्रेड खातो.' एक बाई रोज नुसते हात जोडायची.

एकाने लिहिलं होतं: 'माझ्या आईचा दहावा इथे झाला. चौदा वर्षं झाली. आता दुबईत असतो. सकाळी बघतो.' मोनिकाने विचारलं, याला काय उत्तर द्यायचं. मी म्हणाले, आईचं नाव विचार. त्याने नाव कळवलं. ती चिठ्ठी मीच लिहिली होती. मी मोनिकाला सांगितलं ते तिने तसंच लिहिलं: 'तुम्ही सामान न्यायला आलात तेव्हा तुमच्या दोन पायांत दोन वेगळ्या चपला होत्या.'

दोन दिवसांनी त्याचं उत्तर आलं. 'हो.'

भिमाजी मात्र खूश नव्हता. भाद्रपदात तो पायरीवर बसून म्हणाला, "सहा हजार लोक बगत्यात आन् दुकानात दिसाला दोन मानसं."

"मंग काय, सगळ्यांनी एकदम मरावं का?" मी म्हणाले.

"मी तसं म्हनलो का?"

"मामा, येळ लागतो याला," मोनिका म्हणाली.

"त्येच सांगतोय. सर्वपित्रीला अठरा दिस ऱ्हायलेत."

माणसं येऊ लागली, पण भलतीच. पितृपंधरवड्यात लोक लंगडा बघायला यायला लागले. शिर्डीहून परतताना वाट वाकडी करून यायचे. दुकानात डोकवायचे. काय पाहिजे म्हटलं तर म्हणायचे, 'काही नाही, फक्त बघतोय.' चाळीस वर्षांत आमच्याकडे हे वाक्य कोणी बोललं नव्हतं. एकाने चहा मिळेल का विचारलं. एका बाईने मडक्यांपुढे उभं राहून फोटो काढला, मग मडकी कसली आहेत ते कळल्यावर पुसून टाकला. सगळे येताना फरसाण आणायचे आणि भिंतीवर ओतायचे. कावळ्यांनी माझी भाकरी सोडली. घाटावर पिंड ठेवला की ते एकदा बघायचे आणि तोंड फिरवायचे. पोट भरलेल्या पाहुण्यासारखे.

सर्वपित्रीच्या तीन दिवस आधी पुण्याहून, हडपसरहून, वाल्मिक नावाच्या गृहस्थांचा फोन आला. त्यांच्या वडिलांचा दहावा दुसऱ्या दिवशी होता. दोन गाड्या, तीस माणसं. आई रोज मोबाईलवर आमचे कावळे बघते, तिने इथेच करायचं म्हणून सांगितलंय. दहाव्याचं सगळं सामान तुमच्याकडून, तेराव्याचंही तुमच्याकडूनच. वर्षभरात एवढं सामान एका घराला आम्ही दिलं नव्हतं. मोनिकाने दुपारपासून बांधायला घेतलं. भिमाजीही येऊन बसला. त्याने स्वतः दोरीला गाठ मारली. बापासारखीच मारतो, उलटी.

त्याच संध्याकाळी कुठल्याशा तरुणाने घाटावर ड्रोन उडवला. वरून कावळ्यांचं शूटिंग करायचं होतं. ते यंत्र भिंतीवरून दोनदा गेलं. सगळे कावळे उठले आणि नदीच्या खालच्या अंगाला गेले. तो म्हणाला, शॉट चांगला आला.

सकाळी भिंत मोकळी होती. भाकरीवर मुंग्या होत्या, फरसाणावर माशा. मोनिका मोबाईल धरून उभी राहिली. भिमाजी मागून आला, त्याने भिंत बघितली.

"कालचाच फोटू टाक," तो म्हणाला. "चौदा म्हन."

"आई, नेमकं आजच मोठं गिऱ्हाईक हाय," असं तो माझ्याकडे वळून पुढे म्हणाला. "शिवला तर शिवला. न्हाई शिवला तर गुरुजी दर्भाचा कावळा करून लावत्यात. शास्त्रात चालतं."

"चालतं," मी म्हणाले. "पन ती बाई दर्भाचा कावळा बगाय निगनार न्हाई पुन्याहून."

"मंग गाळा देऊ का उद्या?"

मी फोन घेतला. खालच्या अंगाला दोन कोसांवर दुसरा घाट आहे. तिथे माझी मावसबहीण दगडाबाई राहते.

"दगडे, तुज्याकडं कावळे हायेत का?"

"हायेत की. रात्रीपास्नं पत्र्यावर नाचत्यात. झोप न्हाई. एक लंगडतोय बग त्यातला."

मी फोन ठेवला आणि मोनिकाला म्हणाले, धर तो मोबाईल. मग भिंतीकडे तोंड करून बोलले. "आज आमच्या घाटावर कावळा न्हाई. एक बी न्हाई. लोकांनी फरसान घातलं, वर यंत्र फिरवलं, ते गेले. खालच्या घाटावर हायेत. ज्यांच्या घरचा आज दहावा हाय त्यांनी तिकडं जावा. इकडं येऊ नका."

मोनिकाने ते एकदा ऐकलं. तिचं बोट मोबाईलवर थांबलं. चाकणची खोली तिच्या डोळ्यांपुढे असणार, माझ्यापुढे ओटा होता. तिने सासऱ्याकडे बघितलं. तो बाहेर जाऊन वाटेवर उभा राहिला. तिने बोट टेकवलं.

"गेलं," ती म्हणाली.

दहा मिनिटांनी वाल्मिकरावांचा फोन आला. ते नाशिक रस्त्याला लागले होते. "आजी, आईने आत्ता बघितलं. मग कसं करू?"

"खालच्या घाटाला जावा."

"आणि सामान?"

"तिकडं मिळतं."

"तुम्ही बांधलं असेल ना?"

"बांधलंय. ऱ्हाऊ द्या."

साडेबाराला कव्हरवाला गाळा मोजायला आला. भिमाजीने बोलावलं होतं. टेपचं दुसरं टोक धरायला कोणी नव्हतं, म्हणून मी धरलं. वाल्मिकरावांचं गाठोडं मध्ये येत होतं. त्याने ते पायाने बाजूला सारलं, मग ते कशाचं आहे ते बघून हात जोडले आणि हाताने सारलं. गाळा लांबीला थोडा कमी भरतोय, पण चालेल, असं तो म्हणाला. मोनिका मडकी पुसत होती. तीच तीच मडकी तिने तीनदा पुसली.

दुपारी एकच्या सुमारास दोन गाड्या येऊन दारात थांबल्या. पुढच्या गाडीतून पन्नाशीचे एक गृहस्थ उतरले, डोकं नुकतंच भादरलेलं. मागून एका म्हातारीला दोघींनी धरून उतरवलं. मी सवयीने खाली बघितलं. म्हातारीच्या पायात नव्या चपला होत्या, चावत असाव्यात.

"मी वाल्मिक," गृहस्थ म्हणाले. "झालं सगळं. कावळा लगेच शिवला."

"लंगडा शिवला का?" मोनिकाने विचारलं.

"लंगडा होता. पण शिवला तो दुसराच."

म्हातारी माझ्याजवळ येऊन बसली. "यांना वाट बघायची सवय न्हवती," ती म्हणाली. एवढंच बोलली.

वाल्मिकरावांनी तेराव्याचं सामान सगळं घेतलं. दहाव्याचं गाठोडं कोपऱ्यात दिसलं, तेव्हा म्हणाले, "हे आमचंच ना? हे पण द्या. आमच्या चुलत्यांचं..." मग थांबले. मागे चुलते उभे होते. "नको, राहू द्या," ते म्हणाले. "पण आमच्या कॉलनीत मी सगळ्यांना तुमचा नंबर दिलाय. कोणाला कधी लागलं तर..." तिथेही ते वाक्य नीट संपेना. ते त्यांनी हाताने संपवलं.

कव्हरवाला अजून पायरीवर होता. भिमाजीने सामान गाडीत ठेवून घेतलं आणि परत आला.

"लांबीला कमी भरतोय म्हनलात न्हवं?" तो त्याला म्हणाला.

"चालंल की, थोडंच कमी हाय."

"न्हाई, कमी ते कमीच. उगं तुमची अडचन नको."

कव्हरवाल्याने टेप गुंडाळला. तेवढ्यात मोनिकाचा मोबाईल वाजला. संगमनेरचं कोणीतरी होतं, सोमवारी दहावा होता. विचारत होतं, कावळे सोमवारपर्यंत येतील का. मोनिका म्हणाली, "सांगता येनार न्हाई. सकाळी साडेसहाला बघा. आले नसले तर तसं सांगू." पलीकडचा माणूस म्हणाला, सामान मात्र बांधून ठेवा. मोनिकाने मला चिठ्ठी दिली. मी 'कै.' लिहिलं आणि नाव विचारलं. संध्याकाळपर्यंत अशा तीन चिठ्ठ्या झाल्या. भिमाजीने एका लाकडी फळीवर खडूने मोठ्या अक्षरात 'फरसाण टाकू नये' असं लिहून भिंतीला लावलं. सर्वपित्रीबद्दल तो पुन्हा काही बोलला नाही. आम्हीही आठवण करून दिली नाही.

पण ते नंतरचं. दुपारी वाल्मिकरावांनी आईला गाडीत बसवलं, सामानाची दोरी ओढून बघितली आणि पुन्हा दुकानाच्या पायरीपाशी आले. ऊन डोक्यावर होतं. त्यांनी हात जोडले आणि बोलून गेले, "बरं आजी, येतो."

मोनिकाचा हात मडक्यावर थांबला. भिमाजी माझ्याकडे बघायला लागला. वाल्मिकरावांच्याही लक्षात आलं. ते तिथेच उभे राहिले, पाऊल उचलावं की नाही कळेना त्यांना. चाळीस वर्षांत या शब्दाला मी कधी उत्तर दिलेलं नाही. मी खाली बघितलं. त्यांच्या दोन्ही चपला एकसारख्या होत्या.

"मोबाईलवर या," मी म्हणाले.